सुरू केलेलं चालणं आठ दिवसांत बंद पडतं? कुठे कुठे तपासायचं

मी फिजिओथेरपिस्ट. गोव्यातल्या फोंडा, डिचोली आणि सत्तरी या तीन तालुक्यांत स्कूटरवरून घरोघरी जाते. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), जुनाट दमा, क्षयरोग बरा झाल्यावर मागे उरलेली खराब फुप्फुसं, फुप्फुसं आक्रसत जाण्याचा आजार; निदानं वेगवेगळी, पण घरात शिरल्यावर कानावर येणारं वाक्य एकच. "डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालत होते. आता बंद केलं." हा बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की दारात चपला काढता काढताच कारणाचा अंदाज बांधते, आणि तरी पुष्कळदा चुकते. म्हणून आता क्रम ठरवून घेतलाय: आधी फुकटातलं तपासायचं, मग थोड्या पैशांचं, आणि शेवटी मोठ्या तपासण्या.

लक्षणं

खालीलपैकी काही ओळखीचं वाटतंय का बघा.

- पहिले तीन-चार दिवस उत्साहाने अर्धा अर्धा तास चालणं, मग एक दिवस "खूपच दम लागला", आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची.
- सपाट रस्त्यावर ठीक, पण आंघोळ, केस विंचरणं, नारळ खोवणं यांत जीव जातो.
- डिसेंबरात रोज बाहेर पडणारा माणूस जूनमध्ये घरात शिरतो, तो चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेली तरी बाहेर येत नाही.
- ऑक्सिमीटरवर ९१ दिसलं की घाबरून अर्ध्या वाटेतून परत.
- इस्पितळातून येऊन दोन महिने झाले, खोकला गेला, पण पायांत जोर नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एक चक्र असतं. दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांड्या आणि पोटऱ्या झडतात. झडलेले स्नायू तेवढ्याच कामाला लवकर थकतात, जास्त हवा मागतात, म्हणजे दम आणखी लवकर लागतो. फुप्फुसं गेल्या वर्षी होती तशीच असतात, पाय मात्र या वर्षी नव्याने बिघडलेले असतात. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, गेलेला स्नायू येतो. माझं सगळं काम या एवढ्या फटीतून चालतं.

आधी हे बघा: थांबायचं कधी

बसल्या जागी दम लागतोय, एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतोय, छातीत दाब किंवा कळ आहे, एका बाजूला अचानक टोचून दम वाढला, चालताना डोळ्यांपुढे अंधार येऊन पडला, खोकल्यातून रक्त आलं, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखतेय आणि सोबत दम वाढलाय. यातलं एकही असेल तर पुढे वाचू नका, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका. पुढे वाकून, हात टेबलावर किंवा उशीवर टेकवून बसवा आणि डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला पंप (इनहेलर) ठरल्याप्रमाणे द्या.

दुसरी पायरी, त्याच दिवशी डॉक्टर: कफ पिवळा-हिरवा झाला किंवा एकदम वाढला, ताप आहे, नेहमीपेक्षा जास्त दम दोन दिवस टिकून आहे, दोन्ही पावलं सुजताहेत, सकाळी उठताना डोकं जड आणि दुखरं असतं. अशा दिवसांत व्यायाम नाही. खोलीतल्या खोलीत उठबस पुरे.

या दोन्हींत नसाल तर पुढे चला.

१. वेग

पैसे शून्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो.

एका घरात रोज सकाळी सातला काकांना दम लागायचा आणि मग दिवसभर ते चालायला तयार नसत. मी दोनदा औषधं तपासली. तिसऱ्या खेपेला योगायोगाने सातच्या आधी पोचले. पोदेराचा, म्हणजे घरोघरी पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला आणि काका खुर्चीतून उठून फाटकापर्यंत जवळजवळ धावले. पाव घेऊन आले ते धापा टाकतच. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच फाटकाला पिशवी अडकवून ठेवायची, आत सुटे पैसे. दमाचा तो प्रकार तिथेच संपला.

दीर्घ आजारी फुप्फुसाला एकदम घेतलेला वेग झेपत नाही. घरातून निघालात की पहिली दोन मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. वेग बरोबर आहे का, याची चाचणी सोपी: आज कसली हुमण (माशाची आमटी) केली हे बरोबरच्याला एका पुऱ्या वाक्यात सांगता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. गाणं म्हणता येत असेल तर कमी. शून्य म्हणजे अजिबात दम नाही आणि दहा म्हणजे जास्तीत जास्त, असं धरलं तर चालताना तीन-चारवर असायला हवं. लक्षात घ्या, शून्यावर नाही. थोडा दम लागणं हे व्यायाम लागू पडत असल्याचं चिन्ह आहे. थांबल्यावर दहा मिनिटांत श्वास पहिल्यासारखा झाला की झालं. तासभर धाप राहत असेल तर कालचं जास्त झालं, आज निम्मं करा.

सुरुवात अशी: दोन मिनिटं चालणं, एक मिनिट उभं राहणं किंवा टेकणं, असं पाच वेळा. "अजून जमलं असतं" असं वाटत असतानाच पहिला दिवस संपवायचा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत २० ते ३० मिनिटांपर्यंत जायचं, आठवड्यातून पाच दिवस. मध्ये मध्ये थांबलेलं चालतं. न थांबता चालण्याची पैज कोणीही लावलेली नाही.

२. श्वास सोडणं

दम लागला की माणूस हवा आत ओढायला बघतो. सीओपीडीत अडचण उलटी असते. श्वासनलिका अरुंद आणि सैल झालेल्या असतात. श्वास बाहेर पडताना त्या मिटतात आणि जुनी हवा आत कोंडते. वेगाने चाललं, भरभर श्वास घेतला, की सोडायला वेळच मिळत नाही आणि कोंडलेली हवा साठत जाते. छाती आधीच भरलेली, मग नवी हवा मावणार कुठे?

उपाय आपल्या ताटातला आहे. गरम पेजेवर फुंकर घालतो तशी. नाकाने दोन आकडे मोजत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत बाहेर. फुंकर अशी की पेजेवर तरंग उठावा पण वाटीबाहेर थेंब उडू नये. ओठांच्या चंबूने नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या मिटायच्या थांबतात. जोर लावून हवा बाहेर ढकलू नका, त्याने नळ्या उलट लवकर मिटतात.

मग हे पावलांशी जोडायचं. एका पावलात आत, दोन-तीन पावलांत बाहेर. जिने चढताना: पायरीवर उभं राहून श्वास घ्या, सोडता सोडता एक किंवा दोन पायऱ्या चढा, थांबा, पुन्हा घ्या. वाकताना, विहिरीचा दोर ओढताना, गॅसचा सिलिंडर सरकवताना, जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडायचा. लोक नेमका त्याच क्षणी श्वास कोंडून धरतात. चपलेचा पट्टा लावायला वाकून उठलेला माणूस धापा टाकतो तो यामुळे.

तरीही दम चढलाच तर टेकण्याच्या जागा आधी हेरून ठेवा. बाल्कांवातला (घरापुढच्या ओसरीतला) सोपो, म्हणजे बसायचा कट्टा, देवळाची ओटी, कंपाऊंडची भिंत. बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, किंवा उभ्याने हात भिंतीला टेकवून पुढे झुकायचं. हात टेकले की खांद्यांभोवतीचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. हातपंख्याने नाक-गालांवर वारा घेतल्यानेही धाप कमी जाणवते. याला फार लोक हसतात, पण त्या वाऱ्याने मेंदूला होणारी धापेची जाणीव खरोखर उतरते.

३. वेळ, पोट आणि हवा

भरपेट शीत-कढी झाली की फुगलेलं पोट छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, आणि फुप्फुसाला खाली उतरायला जागा राहत नाही. जेवणानंतर तास-दीड तास चालू नका. सकाळी उठल्या उठल्या रात्रभरचा कफ छातीत असतो. आधी गरम पाणी, खोकून कफ मोकळा, औषध, मग चालणं. ज्याला सकाळी सहाला जमत नाही त्याने दहाला चालावं. पहाटेचं चालणं पवित्र असतं असं फुप्फुसाला कुणी सांगितलेलं नाही.

धूर आणि धूळ मात्र बारकाईने बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे पालापाचोळा जाळतात, काजूच्या दिवसांत भाट्या पेटतात, शिगम्यात गुलाल उडतो, नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुर जळतात आणि फटाके फुटतात. खाणपट्ट्यात ट्रकांच्या रस्त्याची धूळ वेगळीच. या दिवसांत बाहेरचं चालणं घरात घ्या, खिडक्या लावून. नरकासुराच्या दुसऱ्या दिवशी "काय झालं कळत नाही" म्हणून फोन येतात. काय झालं ते मला रात्रीच्या आवाजांवरूनच कळलेलं असतं.

आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायकांमध्ये मला सीओपीडी भरपूर दिसतो. मागच्या दारी चुलीवर चुडतं आणि करवंट्या घालून चाळीस वर्षं पाणी तापवलेलं असतं. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अजून त्याच चुलीवर. चूल चालू ठेवून चालण्याचा व्यायाम देणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी भरणं. पहिली दुरुस्ती चुलीची. विडी-सिगारेटीबद्दल वेगळं लिहीत नाही, ती सोडायचीच आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चार महिने रस्त्यावर चालायचं म्हणजे छत्री, उतार आणि शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या. ज्याची हाडं वयाने आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ठिसूळ झालीत त्याला पडणं परवडत नाही. म्हणून मी मे महिन्यातच घरातली वाट आखून देते. जुन्या घरात राजांगण (घराच्या मधोमधचं उघडं अंगण) असेल तर त्याच्या भोवतालची पडवी उत्तम. एकीचं राजांगण आम्ही टेप लावून मोजलं, एक फेरी २२ मीटर. पंधरा फेऱ्या म्हणजे ३३० मीटर, आणि पाऊस बघत चालायला मिळतं हे वर. फ्लॅटमध्ये हॉलपासून बेडरूमपर्यंतची पावलं मोजा. गावात देवळाची अग्रशाळा किंवा कोरडा सभामंडप असेल तर तिथे, पण गुळगुळीत ओल्या लादीवर पायमोजे घालून कधीच नको. भिंतीला ओल येऊन बुरशी धरलेली खोली चालण्यासाठी निवडू नका. तो वास दम्याच्या माणसाला दहा पावलांत बसवतो.

४. घरच्यांचं प्रेम

हे तपासायला कुणी सांगत नाही. "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." पाणी, वर्तमानपत्र, चष्मा, सगळं हातात. सून चांगली आहे म्हणून सासऱ्याचे पाय गेले, हे वाक्य मी सुनेसमोर बोलत नाही, पण खरं आहे. वीस मिनिटांचं चालणं झालं आणि उरलेला दिवस खुर्चीत गेला तर हिशेब जमत नाही. तुळशीला पाणी, देवपूजेची फुलं, कोंबड्यांना दाणे, मटार सोलून झाल्यावर टरफलं टाकायला उठणं, अशी दोन-चार कामं परत त्यांच्याकडे द्या. तासाभरात एकदा तरी उठायला लावणारी.

आणि चालताना सोबत जाणाऱ्याने प्रश्न विचारत राहू नये. हुमणीची एक चाचणी झाली की पुरे.

५. हातांची कामं

"चालते गो मी, पण आदोळीवर बसलें काय दम लागता." आदोळी म्हणजे जमिनीवर बसून नारळ खोवायची विळी. हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की हल्ली पहिल्या भेटीतच स्वयंपाकघर बघायला मागते.

कारण साधं आहे. खांदे आणि मानेभोवतीचे स्नायू निरोगी माणसात हात हलवायला असतात. फुप्फुसाच्या आजारात त्यांनाच छाती वर उचलायच्या कामालाही जुंपलेलं असतं. हात उचलून धरायचं काम आलं की ते श्वासाला सोडून हाताकडे जातात. आदोळीवर तर दुहेरी मार. जमिनीवर बसून पोट दुमडलेलं, पडदा दाबलेला, आणि वर दोन्ही हात अधांतरी जोर लावताहेत. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, दगडावर धुणं, पंखा पुसणं, सगळी याच जातीची कामं. त्यात सकाळची आंघोळ, धुणं आणि नारळ उरकून दहा वाजता चालायला निघालं तर तिसऱ्या मिनिटाला बसणं आलंच. चालण्यात दोष नाही, खिसा आधीच रिकामा झालेला आहे.

काय करायचं:

टेबलाच्या कडेला घट्ट बसणारी, मूठ फिरवायची खोवणी मिळते, खुर्चीत बसून, कोपर टेबलाला टेकवून फिरवायची. किंवा नारळ दुसऱ्या कुणी दोन दिवसांचा खोवून फ्रीजमध्ये ठेवायचा. माझ्या एका आजींना हे पटेना, "फ्रिजांतल्या सोयाक रूच ना", फ्रीजमधल्या खोवलेल्या नारळाला चव नाही. मग तडजोड झाली: नारळ ताजाच, पण निम्मा त्यांनी आणि निम्मा नातवाने. नातू आता बरा खोवतो.

आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, आणि पाणी डोक्यापर्यंत उचलावं लागू नये म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर. दार-खिडकी किंचित उघडी, कारण वाफेने कोंडतं. अंग पुसायच्या धडपडीत दम जातो त्याऐवजी मोठा टॉवेल अंगावर ओढून पाच मिनिटं बसून राहा, तो आपोआप टिपतो. केस विंचरताना कोपर टेबलावर. कपड्यांची दोरी खांद्याच्या खाली आणा. अवजड काम आणि हलकं काम आलटून पालटून, आणि चालण्याच्या आधी तासभर हातांचं काम नको.

मग हातांना बळ द्यायचं. अर्धा लिटर पाण्याची बाटली दोन्ही हातांत, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलताना श्वास सोडत, आठ-दहा वेळा, दिवसाआड. हे चालण्याइतकंच महत्त्वाचं आहे, पण करतं कुणी नाही.

६. पंप नीट ओढताय का

औषध घरात असतं, फुप्फुसात पोचत नाही. मी पेशंटला सांगते, "मला करून दाखवा." तोंडी सांगितलेलं धरत नाही.

दाबायचा पंप: हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश आत ओढायला सुरुवात करून दाबा, ओढत राहा, दहा आकडे श्वास रोखा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलात तर दाबणं आणि ओढणं जुळवायची कसरत वाचते. म्हाताऱ्या माणसांना मी स्पेसरशिवाय पंप देऊच नये असं म्हणेन. एका वेळी एकच दाब, दुसरा अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यातून काढून तसाच वाळवा. कापडाने आतून घासलात तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र: इथे उलट, एकदम जोरात आणि खोल ओढायचं. दोन्ही प्रकार घरात असलेला माणूस हमखास अदलाबदल करतो. पावसाळ्यात कॅप्सुला न्हाणीघरात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या की मऊ पडतात, आतली पूड गोळा होते. झाकण घट्ट, कोरडं कपाट. यंत्र धुतलंत तर पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूल घालू नका. स्टेरॉइडचं औषध ओढल्यावर चूळ भरायला विसरू नका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

आणि मोठी चूक: रोजचं औषध "आज बरं वाटतंय" म्हणून न घेणं आणि तातडीचं औषध रोज घेणं. दोन्हींवर तेलपेनने मोठ्या अक्षरात लिहा, एकावर 'रोज', दुसऱ्यावर 'अडचणीत'. डॉक्टरांनी चालण्याआधी तातडीचा पंप घ्यायला सांगितला असेल तर तो सुमारे १५ मिनिटं आधी घ्यायचा, फाटकाबाहेर पडताना नाही. सांगितला नसेल तर विचारा.

७. ऑक्सिमीटरचा आकडा

कोरोनाने प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आणला आणि त्याबरोबर एक आकडाही ठेवून गेला, ९४. त्याखाली गेलं की इस्पितळ. तो नियम त्या आजारासाठी होता. सीओपीडीच्या कित्येकांचा रोजचा, शांत बसलेला आकडाच ९० ते ९२ असतो. असा माणूस चालताना ९० बघतो, धसका घेतो, धसक्याने श्वास भरभर होतो, हवा कोंडते, आणि धाप खरोखर वाढते. आकड्याने आजार केला.

म्हणून तुमचा स्वतःचा आकडा आधी माहीत करून घ्या. आठवडाभर, दहा मिनिटं बसून राहिल्यावर, नेलपॉलिश नसलेल्या गरम बोटावर, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून लिहा. गार बोटावर किंवा हात हलवत असताना दिसलेला आकडा खोटा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी दोन-तीनने जास्त दाखवतं, हेही ध्यानात असू द्या.

चालताना मी साधारण ८८ ही रेघ धरते. त्याखाली गेलं की थांबा, चंबू करून श्वास सोडा, वर आलं की पुढे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. सावकाश चालूनही रोज ८८ खाली जात असेल तर व्यायाम थांबवून छातीच्या डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसं आक्रसण्याच्या आजारात तर बसल्या जागी ९६ आणि न्हाणीपर्यंत जाऊन आलं की ८४ असं होतं, कधी कधी फारसा दम न जाणवताही. अशांनी आकड्याशिवाय व्यायाम सुरूच करू नये.

८. पाय आणि ताट

खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, एका मिनिटात किती वेळा होतं ते मोजा. दर महिन्याला मोजा. हाच व्यायामही आहे: पाच-पाचच्या दोन खेपा, उठताना श्वास सोडत. वजन उतरत असेल तर चालणं वाढवू नका, आधी खाणं वाढवा. थोडं थोडं पाच वेळा, त्यात मासे, अंडी, डाळ, मूग. नुसत्या पेजेवर स्नायू उभे राहत नाहीत.

९. वॉकर आणि ऑक्सिजन

चाकांचा वॉकर घ्यायची लाज वाटते लोकांना. पण त्यावर हात टेकून पुढे झुकता येतं, म्हणून सोप्यावर बसल्यावर मिळतो तोच आराम चालता चालता मिळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणं सोडलेली एक बाई बसायची पाटी असलेला वॉकर घेऊन पुन्हा जाऊ लागली. परतताना त्यावरच चवळी आणि केळी लादून येते.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर चालताना तो काढू नका, आणि मनाने वाढवूही नका. काहींच्या रक्तात जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. चालताना किती ठेवायचा ते डॉक्टरांनी आकड्यात लिहून द्यावं. नळी पायात अडकणार नाही अशी वाट आखा. समई, उदबत्ती, कापूर, गॅस, विडी यांपासून किमान तीन मीटर लांब. नाक कोरडं पडलं म्हणून खोबरेल लावायची सवय सोडा, ऑक्सिजनजवळ तेल पेट घेतं. चवथीला देवासमोर आरतीला बसायचं असेल तर दाराजवळची खुर्ची घ्या.

१०. माझ्या हातून सुटत नाही तेव्हा

वरचं सगळं नीट करून चार आठवडे झाले आणि तरी चालणं तसूभर वाढत नाही, तर मी हात जोडते. आता दोष फुप्फुसाबाहेरही असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल, हृदय थकलं असेल, जुन्या क्षयरोगाच्या जागी नवं काही असेल. डॉक्टर रक्त तपासतील, ईसीजी आणि इको, छातीचा एक्स-रे, श्वास मोजायची स्पायरोमेट्री, आणि सहा मिनिटांत किती मीटर चालता ते बघतील. शेवटच्या चाचणीत ३० मीटरचा फरक पडला तरी तो माणसाला रोजच्या कामात जाणवतो, हे सांगते म्हणजे तुम्ही हजार मीटरची स्वप्नं बघणार नाही. देखरेखीखालचा फुप्फुस पुनर्वसनाचा कार्यक्रम, साधारण सहा ते बारा आठवड्यांचा, मिळत असेल तर घ्याच. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, म्हापशाच्या आझिलो इस्पितळात किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात छातीच्या डॉक्टरांना त्याबद्दल स्पष्ट विचारा. न विचारता बहुधा औषधाची चिठ्ठीच हातात येते.

इस्पितळातून नुकतेच घरी आलेल्यांनी तर महिन्याच्या आतच हे विचारावं. तोपर्यंत घरात आधी जेवढं चालत होतात त्याच्या निम्म्यापासून सुरुवात, आणि आधीच्या आकड्याला पोचायची घाई नको.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरचं कॅलेंडरच घेऊन जा. रोजच्या चौकटीत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: किती मिनिटं चाललात, दम दहापैकी किती, आणि चाललं नसेल तर का. "पाऊस", "पाहुणे", "कफ पिवळा", एवढं एका शब्दात. सोबत घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या, रिकामे झालेलेसुद्धा.